मिठाच्या पिंपाची पाळी

माय, आज सकाळी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीखाली एक शंखी गोगलगाय सापडली. नर्सरीतून रोप आणलं होतं, त्याच्या मातीतूनच आली असणार. आपल्या गावातही ती तशीच आली असावी, मोसंबीच्या रोपांबरोबर. पण तेव्हा कुणाला कळलं नाही. तिला तळहातावर घेतलं आणि तुझी दूध सोसायटी आठवली. वर्तमानपत्रात आयुष्यभर वेळेवर मजकूर देत आलो. तुला मात्र तू गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितोय.

लागोपाठच्या दुष्काळात गावानं जनावरं छावणीत नेऊन जगवली होती. मग उशिरा का होईना पाऊस आला, सोयाबीन उगवलं, आणि दोन पानांवर आलेली रोपं रातोरात गायब व्हायला लागली. सकाळी बघावं तर ओळीत नुसते देठ. गावानं दुबार पेरणी केली. त्यात घराघरातलं बियाणं संपलं. आता हेही गेलं तर तिसऱ्यांदा पेरायला कुणाकडेच काही नव्हतं. बांधावरच्या दगडांखाली, गवतात, विहिरीच्या कठड्यावर, जिकडेतिकडे गोगलगायी. लोक वेचत होते, नाही असं नाही. पण श्रावण लागलेला. कुणाच्या गळ्यात माळ, कुणाचे सोमवार. जीव कसा मारायचा? म्हणून बादल्या भरभरून ओढ्यात सोडून यायचे. तिथून त्या काठाच्या शेतात चढायच्या, तिथून पुढच्या. आपलं शेत ओढ्याला लागूनच.

तू सोसायटीत दूध मोजायचीस, फॅट लावायचीस. तुझ्या हातून माप घ्यायला गाव आधी कुरकुरलं होतं. पुढे त्याच गावाला दुसऱ्या कुणाचं माप पटेना. त्या सकाळी तू काट्यापुढे निळं पिंप मांडलंस, त्यात मिठाचं पाणी. मी सुट्टीवर आलेलो, भिंतीला टेकून उभा आहे. चेअरमन किटली घेऊन पुढे येतात.

"हे काय मांडलं, बाई?"

"दुधासंगं गोगलगायी आणायच्या, अण्णा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं रातच्याला बांधावर टाका, सकाळी खाली ढिगानं घावत्यात. आदी त्या हितं, मंग माप."

"श्रावणात? माझ्या गळ्यात माळ हाय."

"तुमी निस्तं आणा. मिठात मी टाकते."

मागून कुणीतरी म्हणालं, "लई झकास! पाप बाईकडं, सोयाबीन आपल्याकडं." सगळे हसले, तूही हसलीस. मला ते झोंबलं. दुसऱ्या सकाळी बादल्या आल्या, तू त्या पिंपात ओतल्यास, आणि घरी आल्याबरोबर मी तुझ्याशी भांडलो. मेलेली ढोरं ओढायचं काम आज्ज्यानं सोडलं, आता गावाचं हे मरण तू कावून उचलतीस? आणि रोज पंचशील म्हणतीस, त्याचं काय? तू भाकरी थापत होतीस. थापटणं थांबलं नाही.

"तवा गाव सांगायचं अन् आपण करायचो. आता मी सांगते अन् गाव करतंय, ह्यो फरक हाय." भाकरी तव्यावर टाकून मग म्हणालीस, "शील मोडतंय, ठावं हाय मला. पण लेकरं उपाशी ठिवणं कोणत्या शीलात बसतं?"

आठवडाभर तू एकटीनं बादल्या पिंपात ओतल्यास, माळावर खड्डा खणून मेलेल्या गोगलगायी चुना टाकून बुजवल्यास. ओळी हिरव्या दिसायला लागल्या. मग एका सकाळी तू मापाला हातच लावला नाहीस.

"आता पाळी लावायची. आज अण्णांची."

"अगं, ठरलंय ना? तू टाकणार म्हणालतीस."

"म्हणालते. टाकल्या की. सोयाबीन काय माझ्या एकटीचं हाय?"

तू हात बांधून बसलीस. बाहेर दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवतोय, किटल्यांतलं दूध तापतंय, रांग चुळबुळतेय. चेअरमननी माळ सदऱ्याच्या आत सारली आणि बादली पिंपात पालथी केली.

"झालं समाधान?"

"न्हाई अजून. खड्डाबी तुमालाच बुजवायचाय. चुना तितं ठिवलाय."

रांग खदखदून हसली, शेवटी चेअरमनही. त्या दिवसापासून पिंपाची पाळी घरोघर फिरली, आणि त्या साली गावाच्या खळ्यावर सोयाबीन आलं. पुढे नोकरीत मी मोठमोठ्या सभा ऐकल्या, लोकांना वळवणारी माणसं जवळून पाहिली. सगळ्यांना माइक लागायचा. तुला नुसतं दुधाचं माप थांबवावं लागलं, आणि तेही स्वतः आठवडाभर हात घालून झाल्यावर.

हे पत्र कुठल्याच पाकिटात जायचं नाही, म्हणून एक सांगतो. पहिली बादली ओतताना तू डोळे घट्ट मिटले होतेस. मी ते पाहिलं होतं, आणि तरी त्या दिवशी भांडलो. गोगलगाय अजून वाटीखाली झाकलेली आहे. शेजारी मीठ काढून ठेवलंय. दुपार व्हायला आली, माय, आणि माझा हात काही पुढे होत नाही.