एक स्टूल सरळ ठेवलंय

प्रिय वॉरन,

तुझा कमांडर गेला. मंगळवारी माझ्या नवऱ्याला, रदिओनला, पोचवून आलो. तुला कळवायचं म्हटलं, तर आमचा सैन्यातला लावर खेकसला, "आई, अमेरिकेला पत्र? माझी नोकरी घालवायचीय का?" म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही.

तुमच्याकडे माणसं अंतराळात न्यायला यान नव्हतं, तेव्हा तू आमच्या अंतराळवीरांच्या वसाहतीत आलास आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रशियन शिकलास. रदिओन चिडवायचा, "शत्रूच्या गाडीत बसणार आहेस, निदान ड्रायव्हरशी गोड बोलायला शीक!" प्रवासाला निघण्याआधी आम्ही सगळे क्षणभर खाली बसतो, निघालेलं माणूस परत यावं म्हणून. पहिल्यांदा तू हसलास. पण उड्डाणासाठी निघालात तेव्हा तूच सगळ्यांना दटावून बसवलंस. दोघंही धड परत आलात.

मग तुमचं यान झालं. तुझ्या इथल्या शेवटच्या दिवशी खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तू उभ्याउभ्याच मिठी मारलीस आणि पळालास. "बसला नाही गं तो," रदिओन म्हणाला. पुढे दोन्ही देशांचं इतकं बिनसलं, की तुझा फोनही बंद झाला.

शवपेटी उचलली की तिच्याखालची स्टुलं आमच्यात उलटी करतात, मेलेल्यानं परत येऊन बसू नये म्हणून. लावरनं एक उलटं केलं. दुसऱ्याला मी हात लावू दिला नाही.

त्यावर तू बसायचास.

तुझी,
झिनाईदा