अकरा घरं, अकरा कॅप्सूल

२२ जानेवारी, वाशीम
सुमनच्या स्वादुपिंडाला तीव्र सूज. दुपारी दोनला डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून पक्कं सांगितलं. काल सकाळी कारंज्याच्या घरी ओट्याजवळच खाली बसली. "पोटातून पाठीत सुरी फिरून राह्यली," म्हणाली. लग्नापासून कधी डोकं दुखल्याचंही न सांगणारी बाई. तिथून थेट इथे. सलाईन. तोंडाने काही नाही.
डॉक्टरांचा पहिला प्रश्न दारूचा. सु. एवढ्या दुखण्यातही हसली, माझ्याकडे बोट दाखवलं. "मी नाई घेत. यायले विचारा."

२३ जाने.
सोनोग्राफी : पित्ताशयात खडे नाहीत. रक्तातली चरबी, कॅल्शियम ठीक. नेहमीची कारणं एकेक करून बाद. मग कशाने? डॉक्टर म्हणाले, "अजून माहीत नाही." इतकं सरळ उत्तर डॉक्टरांकडून क्वचित मिळतं. बरं वाटलं.
तसं तिचं स्वादुपिंड दोन वर्षांपासून कमजोर. पाचक रस पुरत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून डिसेंबरपासून एन्झाइमची कॅप्सूल. गुण चांगला होता. गाल भरले होते, ब्लाउज उसवून सैल केले होते तिने.

२४ जाने.
दवाखान्यातली फार्मासिस्ट प्रणाली. कामरगावची, तिशीतली. चालू औषधांची यादी करायला आली. कॅप्सूलचं नाव ऐकून पेन थांबलं. या औषधानंतर स्वादुपिंडाला सूज आल्याच्या नोंदी आहेत म्हणाली. फार थोड्या, पण आहेत.
मी उसळलो. म्हणजे औषधानेच! उद्याच बातमी लावतो.
"थांबा काका. नोंद झाली म्हंजे सिद्ध झालं नाई. तुमी छापसान, अन् ज्यायले गरज हाये ते लोक कॅप्सूल सोडतीन. त्यायचं काय?"
चाळीस वर्षांत एकाही संपादकाने मला इतक्या थोडक्यात गप्प केलं नव्हतं.
मग सु.ला : "काकू, कोन्या दिवशी किती घेतल्या, आठवते काय?"
"आठवाले कायले पायजे? कॅलेंडरवर हाये."

२५ जाने.
एसटीने कारंज्याला जाऊन स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आणि कॅप्सूलचा डबा घेऊन आलो. रोज पाहतो ते कॅलेंडर, नीट आज पाहिलं. दुधाच्या निळ्या रेघा, सिलिंडर लावला त्या तारखेला गोल, आणि दर कॅप्सूलचा एक लाल ठिपका. डिसेंबरचे ठिपके मागे टांगलेल्या जुन्या कॅलेंडरवर. रोज तीन. तीनदाच खाते ती, चहासोबत बिस्किटही नाही. एक दिवस चुकलेला नाही. फक्त १९ तारखेचा चौकोन लाल मुंग्या लागल्यासारखा.
१९ ला हळदीकुंकवाला गेली होती.

२६ जाने.
सुट्टी असून प्रणाली आली. झेंडावंदन करून, ओढणीला बिल्ला तसाच. कॅलेंडर खाटेवर पसरलं.
"किती घरी गेल्त्या काकू?"
"अकरा. वाण घेतलं, तीळगूळ खाल्ला, कॅप्सूल घेतली. पर्समधीच होत्या."
"घरोघरी?"
"मंग? सांगितलं तसंच केलं."
अकरा, आणि रोजच्या तीन.
डॉक्टरांनी डिसेंबरमध्ये सांगितलं होतं : पोटभर जेवणासोबत एक, दिवसाला तीनच्या वर नाही, किरकोळ खाण्याला नको. डब्यावर ते मी लिहिलं. जागा कमी होती. 'खाल्लं की एक.' जागा कमी पडली की कापायचं, हाताची सवय.
डबा पिशवीत होता. तिथेच राहू देता आला असता. काढून प्रणालीपुढे ठेवला.
सु. माझ्या अक्षराकडे बघत राहिली. मग, "चाळीस वर्सं लोकायच्या बातम्या कापल्या, आता माहीबी कापली!" हसली आणि पोट धरलं. प्रणालीलाही हसू आवरेना. मला आवरलं.

२८ जाने.
प्रणालीने आज संशयित दुष्परिणामाची नोंद भरली. दोन तास. कॅलेंडरचे फोटो, डब्याचा फोटो, कॅप्सूलचा बॅच नंबर. मी म्हटलं, माझ्या चुकीने झालं असं स्पष्ट लिही.
"नाई लिवत. डब्यावर काय होतं ते लिवते, किती घेतल्या ते लिवते. कशानं झालं ते मले मालूम नाई, अन् तुमालेबी नाई."
आधी औषधाला दोष, मग स्वतःला. दोन्ही वेळा घाई माझीच.
तिचा मजकूर वाचला. एक विशेषण नाही. सुमनचे ठिपके आणि हिचा फॉर्म. या दोघींसारखी बातमी मी कधी...

३१ जाने.
दुखणं थांबलं. सूज उतरली. मुगाचं पाणी, मग मऊ भात. पण भात अंगी लागत नाही. बांगड्या कोपराकडे सरकतात.
डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या. कॅप्सूलशिवाय ती वाळत जाणार. कॅप्सूलने पुन्हा सूज आली, तर या वेळी निभावेलच असं नाही. फार झाल्या म्हणून त्रास झाला, की एकही सोसणार नाही, हे घेतल्याशिवाय कळायचं नाही. कदाचित कॅप्सूलचा संबंधच नसेल.
ठरवायचं सु.ने. तिने एक दिवस मागितला. मी माझं मत खिशातच ठेवलं. कठीण गेलं.

१ फेब्रु.
"घेऊन पाह्यतो," ती डॉक्टरांना म्हणाली. "पन इथंच. अन् ही पोरगी समोर पायजे." मग माझ्याकडे वळून, "तुमी काई लिवू नका."
सूचना प्रणालीने लिहिली. चार पूर्ण ओळी. सु.कडून तीनदा मोठ्याने वाचून घेतली, तिसऱ्यांदा सु. वैतागली, तरी घेतली.
कॅलेंडरचं पान उलटलं. फेब्रुवारी कोरा. लाल पेन उशाखाली.
उद्या दहाला मऊ वरणभात, सोबत एक कॅप्सूल, कमी ताकदीची. सूज आली का बघायला रक्त चारला, पुन्हा परवा सकाळी. पहिला रिपोर्ट सहापर्यंत अपेक्षित.