आबा, बाटली चढवायची खोड तुमचीच

आबा, ही खोड तुमचीच. उसाची भरणी झाली, अंग मोडून आलं, की तुम्ही डॉक्टरापुढं मनगट धरायचा. "गोळी नगो, एक सलाईनची बाटली चढवा." मग मलकापूरच्या बाजारातनं ताठ चालत यायचा, आता अंगात पाणी खेळतंय म्हणत. मागनं आम्ही दोघं भावंडं. तुमच्या लेकानं तेच उचललं. परवा अशक्तपणा आला म्हणून गावातल्या डॉक्टराकडं गेला आणि एकीवर भागेना, हट्टानं दुसरी बाटली लावून घेतली. संध्याकाळी धाप लागली, ओठ निळे पडले. आता कोल्हापुरात दवाखान्यात आहे, तोंडाला मास्क लावून.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "मावशी, रक्तवाहिनीला आतनं अस्तर असतं. पाणी वाढलं की त्या अस्तरातनं एक वायू सुटतो, तो वाहिनीला सांगतो, सैल हो, जागा कर. यांचं बीपी इतकी वर्षं चढं राहिलं की अस्तरच खराब झालंय. वाहिनी सैल होत नाही, किडनीनं पाणी टाकायचं सोडलंय. दाब चढला आणि पाणी फुप्फुसात उतरलं."

"मग त्यो वायू बाटलीतनं घाला की."

"त्याचंच औषध चालू आहे. पुरत नाही. डायलिसिसच्या मशीनवर पाणी काढायला लागेल."

तुम्ही उसाला पाणी पाजायचा ते आठवलं. एक सरी भरली की लगेच दारं मोडून पाणी दुसरीत वळवायचा, बांध कधी फुटू दिला नाही. याच्या अंगात दारं मोडणारंच कोणी राहिलं नाही, आणि मी बाहेर बाकावर बसून आहे. काय करू?

मशीनचं नाव काढलं तर तो मास्क बाजूला करून म्हणतोय, "आबा म्हणायचं, मशीनला लागला त्यो माघारी येत न्हाय. मी सही करत न्हाय."

"आबा जाऊन किती वर्षं झाली रं? अजून त्यांचंच?"

"व्हय. त्यांचंच."

माझं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही. मी मेल्या माणसाशी भांडतेय आबा, आणि हरतेय. हा कागद टाकायला पत्ता नाही, पिशवीतच राहील. आणि खरं सांगू? काल त्या बाकावर मला गरगरलं, तर पहिलं मनात आलं, एक बाटली चढवून घ्यावी.

सोमवारी सकाळी डॉक्टरीण शेवटचं विचारायला येणार आहे. त्याच्या आत त्याच्या स्वप्नात जावा. तुमचा शब्द तुम्हीच माघारी घ्या. नसेल घ्यायचा तर तसं मला सांगा, पण सोमवारच्या आत सांगा.