रविवारचे दोन गोल

कोमिझा गाव, २२ एप्रिल १९९८

चि. तिहोमीर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.
फोनवर मला हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिते. आपले बाबा शनिवारी गेले. रविवारी दुपारी त्यांना आईशेजारी ठेवलं. त्या दिवशी गावातल्या कुणीही मासेमारीची होडी बाहेर काढली नाही. तुझी मॅच होती. बाबाच म्हणाले होते, त्याला खेळू दे, मग कळव. तू दोन गोल केलेस हे रेडिओवर ऐकून शेजारचा येरको सांगायला आला आणि दारातच रडला.
वेळेवर जेवत जा. लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
नेडा

गेंट, बेल्जियम, ३० एप्रिल

ती. नेडाताईस,
तिहोचा सा. न.
सोमवारी इथल्या पेपरात माझा फोटो आला. हात पसरलेले, तोंडभर हसू. तो काढला त्याच वेळी तुम्ही बाबांवर माती लोटत होतात. पोरांनी तो फोटो ड्रेसिंग रूममध्ये चिकटवलाय. काढला तर कारण सांगावं लागेल.
बाबा असं म्हणाले हे मला पटत नाही. आईच्या पोगाचातला, त्या भरल्या पावातला, मासा खाऊन मांजरावर ढकलायचीस, तेव्हापासून तुझं खोटं मला ओळखता येतं. मी निघालो तेव्हा धक्क्यावर ते एकच बोलले होते, "कुठंही खेळ, पण मला खांदा द्यायला ये." खरं काय ते लिही.
तिहो

कोमिझा, ८ मे

चि. तिहो,
आशीर्वाद द्यायचा हक्क आज वाटत नाही, तरी देते.
ते तसं म्हणाले नव्हते. मीच ठरवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी तीनदा विचारलं, तिहो आला का. मी म्हटलं, बोटीला उशीर झालाय. तिसऱ्यांदा ते स्वतःच म्हणाले, "दक्षिणेचा वारा सुटला की होतोच उशीर." आणि डोळे मिटले.
आईच्या वेळी तू मॅच सोडून आलास, तर त्या क्लबनं तुला वर्षभर बाकावर बसवलं. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा बसवलं असतं, तर तू उठला नसतास. माझ्या मनात तेवढंच होतं. माफ कर असं म्हणत नाही. दोन ओळी मात्र लिही.
नेडा

गेंट, १९ मे

ती. ताईस नमस्कार.
रविवारी हंगामातली शेवटची मॅच झाली. एक गोलही केला. हात वर गेलेच नाहीत. मॅनेजर म्हणाला, अजून दोन वर्षं सहज खेळशील. मी बूट तिथंच ठेवून आलो.
शुक्रवारच्या बोटीनं येतोय. धक्क्यावर येऊ नकोस. आधी बाबांकडे जाईन, मग घरी. राग गेलेला नाही, तो बरोबरच आणतोय. तरी दार तूच उघड.
तिहो