ओढ्यापलीकडचा पत्ता

पांडेलीस भाऊजींना झाबेताचा नमस्कार.

जाऊबाईंचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. मेलबर्नला आता थंडी असेल. गुडघे झाकून बसा, नातवंडांना फुटबॉल खेळून दाखवू नका. माझं विचाराल तर रक्तदाब सोडून सगळं उत्तम आहे, आणि रक्तदाब नगरपालिकेने दिलाय.

नगरपालिकांनी म्हणायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा गावोगावी आपापला अध्यक्ष होता. मग आपलं सगळं बेट एका नगरपालिकेत कोंबलं, आणि आता फाडून दोन केल्यात, पूर्व आणि पश्चिम. हद्द कुठली, तर आपला कोरडा ओढा. म्हणजे माझं घर पश्चिमेत आणि समोरची दफनभूमी पूर्वेत. ह्यांना पुरलं तेव्हा बेट एकच होतं हो. तीन वर्षांनी आपल्या रीतीप्रमाणे कबर उघडून अस्थी काढल्या, वाइनने धुतल्या, पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि अस्थिघरात कप्पा मागायला गेले. तर पूर्वेचा कारकून मिल्तोस (ह्याला मी लहानपणी आपली अंजिरं चोरताना धरला होता) म्हणतो, कप्पे फक्त पूर्वेच्या रहिवाशांना, मयत पश्चिमेचे. रहिवास बदलायचा तर अर्जदाराने स्वतः हजर राहावं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली. आदळणार होते, पण आत हे होते. म्हटलं, "घे, आलेत. कुठे सही करायची ते दाखव त्यांना."

मेल्याने पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, ओळखपत्र आणलंय का?"

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. पश्चिमवाले म्हणतात, दफनभूमी आमची नाही. चार तास बोटीत ओकत नगरपालिकांच्या वरच्या, प्रदेशाच्या कार्यालयात गेले, तर ते फक्त मोठे रस्ते आणि बंदरं बघतात. त्यांच्याही वरचं कार्यालय पार मुख्य भूमीवर, पिरेअसला. तिथून उत्तर आलं, तेही ह्यांच्याच नावाने, की आपण प्रतीक्षा करावी. करतायत. फडताळात, डाळीच्या डब्याशेजारी. घरात डाळ कुठे असते ते ह्यांना पहिल्यांदाच कळलं असेल.

संताप कशाचा येतो सांगू? ह्यांना जन्मभर ओढ्यापलीकडे तुमच्या आईच्या घरात राहायचं होतं, आणि चव्वेचाळीस वर्षं मी नाही म्हटलं. (छप्पर गळतं, आणि सासूबाई त्या खिडकीतून माझं धुणं मोजायच्या.) जिवंतपणी मी जाऊ दिलं नाही, मेल्यावर सरकार जाऊ देत नाही. निदान माझ्याकडे कारण होतं.

मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
झाबेता

ता. क. मिल्तोसने परवा रस्त्यात जाताजाता हळूच सांगितलं, बायको पूर्वेची रहिवासी असली तर नवऱ्याला कप्पा मिळतो, आणि पुढे तिलाही त्यातच जागा. फक्त राहायला ओढ्यापलीकडे हवी. सासूबाईंच्या घराची चावी तुमच्याकडे आहे. पाठवा.

ता. क. २. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पण काल फडताळ पुसताना पेटी उचलली तर आत खुळखुळ झालं. हसतायत, दुसरं काय.