जिन्याखालची जागा

३ जून २००१, खलिफा सिटी
आज कामावर हजर झालो. अनिल भावोजी, आमच्या दर्शनाताईचे यजमान, मला बघून चक्क मिठी मारायला धावले. दोघेही कुडाळचे सुतार, आता एकाच साइटवर! आमच्या अरबाबाने, म्हणजे मालकाने, इंग्लंडातल्या एका जुन्या हवेलीचं सगळं लाकूडकाम विकत घेतलंय. ओकचा जिना, दारं, भिंतींवरच्या फळ्या. प्रत्येक फळीवर नंबर. नव्या बंगल्यात ते जसंच्या तसं बसवायचं. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, खिळा म्हणून नाही. हात फिरवतच राहावंसं वाटतं.

७ जून
इंजिनिअर सोनम मॅडम इथेच वाढलेल्या, मराठी बोलताना निम्मं इंग्रजीच असतं. त्यांनी जुना नकाशा दाखवला. हवेली १५८३ची. तेव्हा तिथे कॅथलिक पाद्र्यांना पकडून मारत, म्हणून तेव्हाच्या मालकाने जिन्याखाली लपायची जागा करून घेतली होती. एकदा शिपाई झडतीला आले आणि बारा दिवस हललेच नाहीत. आतला पाद्री तहानेने गेला. ती जागाही करायची का, विचारलं. त्या म्हणाल्या, “नो नो, मागे सॉलिड काँक्रीट आहे. फक्त फळ्या लावा.”

११ जून
जिन्याखालच्या फळ्या लागल्या. जेवणाच्या सुट्टीत भावोजी तिथेच पाठ टेकून पडले होते. म्हणाले, “हात लाव रे रामा. आतून गार वारा येता.” एसी अजून बसलेला नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री. तरी हाताला गार लागलं.

१२ जून
ठोकल्यावर पोकळ वाजतं. भावोजींनी फटीतून मोजायची टेप सरकवली. चार फूट गेली. मग आतून ओढल्यासारखी हातातून सुटली. भिंत तर आठच इंचांची. पलीकडे जाऊन पाहिलं. उन्हात नुसती वाळू.

१४ जून
भावोजी जेवत नाहीत. आत कोणीतरी पाणी मागतंय म्हणतात. भाषा कळत नाही, पण पाणीच मागतंय. मी ओरडलो त्यांच्यावर. वरच्या मजल्यावर कामाला लावलं.

१६ जून
भावोजी नाहीत. चपला जिन्यापाशी. फोरमन म्हणतो पळाला. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात जमा, पळणार कुठे? ताईचा फोन आला. सांगितलं, ओव्हरटाइम चालू आहे.

१७ जून
फळ्या काढल्या. मागे काँक्रीट. कोरडं, तापलेलं. परत लावल्या — आणि आतून टकटक. मग भावोजींचा आवाज. “रामा, पाणी हाड रे.” पाणी आण म्हणतात.

१८ जून
फळी आपोआप सरकली. हात बाहेर आला. भावोजींचा — अंगठ्याला पटाशी लागल्याची जुनी खूण. धरून ओढलं. येत नाहीत. म्हणाले, एक आत आला तरच एक बाहेर —

ताईला दोन मुली आहेत. माझ्यामागे कोणी नाही.

सोनम मॅडम, वही तुमच्या टेबलावर ठेवतोय. बाहेर येईल त्याला घरी पाठवा. पण आधी मुलींची नावं विचारा. मराठीत विचारा. सांगता नाही आली तर ते भावोजी नव्हेत. फळी —