नारिंगी स्वयंपाकघर

३ नोव्हेंबर, सोमवार
त्रिवेणीला पुण्याला जाऊन आज तीन महिने झाले. श्रुतीचं बाळंतपण झालं, नातीचं बारसं झालं, तरी लेकीच्या घरून हिचा पाय निघत नाही. फोनवर म्हणाली, श्रुतीचं किचन कसं लख्ख आहे, आपलं म्हणजे कोळशाची वखार. मी म्हटलं, राहा निवांत, माझं काही अडत नाही. खरंच अडत नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ६
निर्णय: स्वयंपाकघर नारिंगी करायचं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. नारिंगी रंगाने भूक वाढते, घर हसरं होतं आणि गावाला गेलेल्या माणसाला परत यावंसं वाटतं. (शेवटचं व्हिडिओत नव्हतं, माझं अनुमान.) हिला बोलावण्याचा यात काही हेतू नाही. भिंतींची देखभाल, बस. रविवारपर्यंत काम फत्ते.

५ नोव्हेंबर
नारायणगुड्याच्या रंगाच्या दुकानात गेलो. नारिंगीच्या चौदा छटा. सर्वांत गडद तेलरंग घेतला. भिंतीवर गेल्यावर रंग फिका पडतो, हे अनुभवी माणसाला सांगावं लागत नाही. पेंटर प्रकाश म्हणाला, दोन दिवसांत करून देतो. नको म्हटलं. बत्तीस वर्षं ऑफिसात माणसं हाताळली, ब्रश काय चीज आहे.

७ नोव्हेंबर
पहिला हात पूर्ण. जरा भडक वाटतो. वाळला की उतरेल.

८ नोव्हेंबर
वाळला. उतरला नाही. दुसऱ्या हाताने मवाळ होईल.

१० नोव्हेंबर, सोमवार
दुसरा हात झाला. मवाळ व्हायचा आहे अजून.
किरकोळ अडचण: दिवा लावला की दूध नारिंगी दिसतं. दोनदा नासलं समजून ओतून दिलं. कांदा परतला की नाही कळत नाही, कारण कढईत पडतानाच तो लाल. पिठलं करपलं. पण व्हिडिओ खरा निघाला, भूक भयंकर वाढली आहे. काल दुपारपासून पोटात काही नाही.

११ नोव्हेंबर
रंग उरला. फेकवेना. खिडकीचे गज रंगवले, डबे रंगवले. कोपऱ्यात हिच्या आईने दिलेला वरवंटा उभा असतो, त्यालाही दोन हात दिले. आता सगळं मॅचिंग. आमच्या अख्ख्या नल्लकुंट्यात असं किचन दुसरं नसेल.

१२ नोव्हेंबर
भांडी घासायला येणाऱ्या चतुराबाई वरवंट्यासमोर हात जोडून उभ्या. त्याच्या डोक्यावर जास्वंदीचं फूल. मी समजावलं, बाई, हा मसाला वाटायचा दगड आहे. त्या म्हणाल्या, "साब, वैसा नक्को बोलो. सिंदूर चढ गया, अब ये हनुमानजी हो गए."
बेगम बाजारातून टर्पेंटाइन आणावं लागणार. उद्याच पुसून टाकतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळपासून बिल्डिंगमधली सात माणसं किचन बघून गेली. एकाने तेल आणलं, एकीने रुईच्या पानांची माळ. रंगाबद्दल कुणी बोललं नाही, पण सगळी चपला बाहेर काढून आली. इंटिरियरला एवढा मान क्वचित मिळतो. टर्पेंटाइन घरात आहे. सात जणांदेखत बाटली उघडायचा धीर झाला नाही.
हिचा फोन आला. मी नसल्यामुळे अडतंय का काही, म्हणाली. छे, म्हटलं, तू ये सावकाश. त्यावर फोन एकदम कट झाला. तिकडचं नेटवर्क खराब असावं.

१६ नोव्हेंबर, रविवार
मटण आणलं. चतुराबाईंनी पिशवी दारातच अडवली. देवासमोर मटण शिजायचं नाही. स्वतःच्या घरात हार मानणाऱ्यांतला मी नव्हे. शेजारच्या सुधीरकडे शिजवलं, तिथेच जेवलो.

१८ नोव्हेंबर
सुधीरने न विचारता हिला वरवंट्याचा फोटो पाठवला. ही उद्या निघते म्हणाली. योजना शंभर टक्के यशस्वी. किचनची ओढ लागली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी आली. स्वयंपाकघराच्या दारात खूप वेळ उभी राहिली. भिंती पाहिल्या, डबे पाहिले, माळ घातलेला वरवंटा पाहिला. मी म्हटलं, टर्पेंटाइन आणून ठेवलंय. म्हणाली, त्याला हात तर लावून बघा! मग आईच्या वरवंट्याला वाकून नमस्कार केला आणि गॅस गॅलरीत न्यायला लावला. देवासमोर कांद्याची फोडणी तिला चालणार नाही. गॅलरीच्या उजेडात हलकेच गुणगुणत उपमा केला. मी दोन बशा खाल्ल्या.
मग मीच सगळं सांगितलं. चौदा छटा, दोन हात, दोन पातेली दूध. म्हटलं, किचन लख्ख झालं की तुला यावंसं वाटेल, असं वाटलं होतं.
ती हसली नाही. कपबशी खाली ठेवत म्हणाली, "अहो, एवढा रंग कशाला? फोनवर एकदा 'ये' म्हणायचं होतं. मी तीन महिने त्याचीच वाट बघत होते."
हे मला सुचलं नव्हतं. बशी पुढे करून आणखी थोडा उपमा मागितला.